भोईर सरांनी मागे घेतलेलं गणित

जनार्दन भोईर सरांशी माझी पहिली गाठ पडली ती ग्रंथालयाच्या नियमावरून. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन माणिकपूरला आलेली, आणि वसईतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नुकतीच लागलेली. चाळिशीचे, उंच, सावळे एक गृहस्थ काउंटरशी आले. शर्टाच्या खिशात चार पेन्सिली, पेन एकही नाही. त्यांना भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाचा एक अंक घरी न्यायचा होता.

"अंक घरी देत नाही सर. नियम आहे," मी म्हणाले.

"का बरं?"

"हरवतात म्हणून."

"हे माहीत आहे की वाटतंय?"

विचारण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मागची रजिस्टरं काढून बघितली, तर आजवर एकही अंक हरवल्याची नोंद नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तो अंक त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. चार दिवसांनी परत आला तेव्हा त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं होतं आणि आत एक फाटकं पान डिंकाने चिकटवलेलं होतं.

तो प्रश्न ते सगळ्यांना विचारत. परीक्षेला सोपं आलंय असं सांगणाऱ्या मुलांना, रस्ता बंद आहे म्हणणाऱ्या रिक्षावाल्याला, स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी घरच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांनाही. त्यामुळे स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी फारसं कुणी बसत नसे. मग ते डबा घेऊन ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत येऊ लागले. डब्यात बहुतेक वेळा तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असायची. माझ्यासाठी कधी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी, आणत. मी शाकाहारी आहे हे त्यांनी न विचारता लक्षात ठेवलं होतं.

त्यांचं घर नायगावच्या बाजूला, मिठागरांच्या मागे होतं. वडील दुसऱ्याच्या मिठागरावर राबले. त्या घरातून हा एक मुलगा मुंबईतल्या मोठ्या संशोधन संस्थेत डॉक्टरेटसाठी गेला. तिसऱ्या वर्षी वडील गेले आणि त्याच पावसाळ्यात धाकट्या बहिणीचा, यमुनाताईंचा नवरा खाडीत होडी उलटून बुडाला. सर डॉक्टरेट अर्धवट टाकून घरी आले, कॉलेजात नोकरीला लागले आणि भावाबहिणीचं दोघांचं घर सुरू झालं. लग्न केलं नाही. याबद्दल ते एवढंच म्हणत, "संस्था सोडली. प्रश्न नाही सोडला."

तो प्रश्न काय होता, हे एकदा मी डबा खाताना विचारलं. माझं विज्ञान दहावीत संपलेलं. त्यांनी चटणीचा हात पुसला आणि सांगायला लागले.

"तारेतून वीज जाते तेव्हा थोडी वाया जाते, तार तापते. बरोबर? पण काही धातू खूप थंड केले की त्यातून वीज बिनअडथळा जाते. याला अतिसंवाहक म्हणतात. तिथे इलेक्ट्रॉन एकेकटे फिरत नाहीत, त्यांच्या जोड्या जमतात. आता गंमत अशी की इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलणारे. मग जोडी जमवतो कोण?"

"कोण?"

"आमच्याकडे मिठागरात ओल्या चिखलातून एक माणूस चालून गेला की जमीन दबते. मागच्याचं पाऊल आपोआप तिथेच वळतं. दोघं एकमेकांशी बोललेले नसतात, मधल्या चिखलाने काम केलेलं असतं. साध्या धातूत तसं होतं. धातूच्या अणूंची रचना जरा हलते आणि जोडी जमते. हे सगळ्यांना मान्य आहे. आणि हेही मान्य होतं की चुंबकत्व या जोड्या मोडतं. थोडं लोखंड मिसळलं तरी खेळ संपला."

"मग तुमचा प्रश्न?"

"काही पदार्थ असे सापडलेत की त्यांच्यातलं चुंबकत्व जिथे मरायला टेकतं, बरोबर तिथेच जोड्या जमतात. अणूंची बारीक चुंबकं अजून पुरती शांत झालेली नसतात, थरथरत असतात. मला वाटतं ती थरथरच जोड्या जमवते. मोडणारा तोच जमवणारा."

"हे माहीत आहे की वाटतंय?" मी विचारलं.

सर इतके मनापासून हसले की त्यांना ठसका लागला. "वाटतंय," ते म्हणाले. "म्हणून तर गणित करतोय."

असं वाटणारे जगात पुष्कळ होते, हे त्यांनीच मला सांगितलं. त्यांच्या जवळ मोठमोठी यंत्रं होती, मदतीला दहा-दहा माणसं होती. सरांजवळ पेन्सिली होत्या आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या कोऱ्या पुरवण्या. ज्यांचे लेख आम्ही मागवत नसलेल्या नियतकालिकांत छापून येत, त्या परदेशी प्राध्यापकांना ते पोस्टकार्डं लिहीत की कृपया आपल्या लेखाची प्रत पाठवावी. पत्ता ग्रंथालयाचा देत. महिना दीड महिन्याने जाड पाकिटं येत. जपान, जर्मनी, कुठून कुठून. पाकीट आलं की मी त्यांच्या वर्गाच्या दारातून नुसतं वर धरून दाखवायची. फळ्याकडे तोंड करून शिकवत असले तरी त्यांना ते कसं कळायचं कोण जाणे.

एकदा त्यांनी मुलांना अतिसंवाहक प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. अतिसंवाहक पदार्थाची काळी वडी त्यांनी स्वतः भाजून तयार केली होती, पण ती थंड करायला द्रवरूप नायट्रोजन हवा. तो आमच्या कॉलेजात कुठला? सरांनी शोधून काढलं की म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गुरांच्या दवाखान्यात तो असतो. ते मोठा थर्मास घेऊन सायकलने दवाखान्यात गेले. थर्मासचं तोंड घट्ट बंद करता येत नाही, दाब वाढून फुटतो, म्हणून तोंडात कापसाचा बोळा. सायकलच्या कॅरिअरवरून मागे पांढरी वाफ सुटलेली आणि सर जपून, खड्डे चुकवत कॉलेजच्या फाटकातून आत आले, ते दृश्य सगळ्या कॉलेजने पाहिलं.

प्रयोगाला यमुनाताईही आल्या होत्या, नवी चापूनचोपून नेसलेली साडी, हातात पिशवी. वडीवर नायट्रोजन ओतला, वाफ बसली, आणि सरांनी चिमट्याने एक चिमुकला चुंबक वर नेऊन सोडला. तो वडीवर अधांतरी राहिला. सरांनी पेन्सिलीच्या टोकाने हलकेच ढकललं तर तिथल्या तिथे फिरायला लागला. मुलं बाकांवर चढली होती. वडी गरम होईपर्यंत, मिनिटभरच असेल, तो फिरत राहिला आणि मग टपकन खाली पडला.

"दादा, याला कोन धरून ठेवतं?" यमुनाताईंनी विचारलं.

"तेच शोधतोय गं," सर म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर मी तेवढं निखळ सुख पुन्हा पाहिलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांचं गणित पूर्ण झालं. नऊ वर्षं ते त्याच्यामागे होते. चुंबकांची थरथर किती असली की कुठल्या तापमानाला जोड्या जमतील, याचा आकडा त्यांनी काढला होता, आणि तो प्रयोगात आलेल्या आकड्याच्या अगदी जवळ होता. टंकलेखन मी केलं. सूत्रांची जागा मी मोकळी सोडायची आणि ते काळ्या शाईने हाताने भरायचे. पेन हातात घेतलेलं मी तेव्हाच पाहिलं. एका चांगल्या परदेशी नियतकालिकाने लेख स्वीकारला आणि छापलाही.

आमच्या कॉलेजात असं कधी घडलं नव्हतं. प्राचार्यांनी सत्कार ठरवला. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली. सभागृहात फलक लागला.

सत्काराच्या दिवशी सकाळी सर ग्रंथालयात आले तेव्हा मी हारतुऱ्यांची यादी करत होते. ते मागच्या खोलीत जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तर समोर पुरवण्यांचा गठ्ठा होता आणि त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला होता.

"मानेबाई, चूक आहे," ते म्हणाले.

"कशात?"

"लेखात. एक गोष्ट मी दोनदा मोजली आहे. एकदा उघड, नाव घेऊन. आणि दुसऱ्यांदा, सुरुवातीला जो आकडा गृहीत धरला त्याच्या पोटात ती आधीच होती. मला दिसली नाही. नऊ वर्षं दिसली नाही."

"मग आता?"

"ती एकदाच मोजली की तापमान इतकं खाली जातं की तेवढी थंडी कुठे नाहीच. म्हणजे जोड्या जमतच नाहीत. माझ्या गणिताने तरी नाहीत."

मी काय म्हणाले ते मला आजही आवडत नाही. मी म्हणाले, "सर, दुपारी कार्यक्रम आहे. आज होऊन जाऊ द्या. हे कुणाला कळणार आहे इथे? मग सावकाश कळवा त्यांना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "मला कळलंय ना," ते म्हणाले आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला.

दुपारी सभागृह भरलं होतं. यमुनाताई पहिल्या रांगेत, तीच चांगली साडी नेसून. प्राचार्यांनी भाषण केलं, शाल उघडली. सर उठले आणि शाल अंगावर घेण्याआधी माइकपाशी गेले.

"ही शाल मला घेता येत नाही. माझ्या लेखात चूक आहे. त्यातला निष्कर्ष खरा नाही."

मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांना तो सरांचा विनय वाटला. पाठोपाठ सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. सर तिथे हात खाली सोडून उभे होते. टाळ्या थांबेपर्यंत थांबले, आणि पुन्हा म्हणाले, "मी नम्रपणाने सांगत नाही. चूक आहे. मी लेख मागे घेतोय." यावेळी कुणी टाळी वाजवली नाही. प्राचार्यांनी शालीची घडी घातली. यमुनाताई उठल्या, त्यांनी भावाची पिशवी उचलली आणि दोघं मधल्या वाटेने चालत बाहेर गेले.

मागे घेतल्याची सूचना पुढे छापून आली, अर्धं पान. बहुतेक लोक एका वाक्यात मोकळे होतात. सरांनी चूक नेमकी कुठे आहे, ती लक्षात यायला काय करावं, आणि हे गणित दुसऱ्या कुठल्या मार्गाने करायला हवं, हे सगळं त्यात लिहिलं होतं. दोन्ही अंक त्यांनी माझ्याकडे आणले. "एकत्र बांधून घ्या. नुसता लेख कुणाच्या हाती लागायला नको."

त्यानंतर कॉलेज त्यांच्याशी बरं वागलं नाही. प्रयोगशाळेमागची त्यांची छोटी खोली कॉम्प्युटरच्या वर्गाला गेली. त्यांच्याहून धाकट्या माणसाला विभागप्रमुख केलं. जे आधी शेजारी बसत नव्हते ते आता मुद्दाम शेजारी बसून विचारत, "काय भोईर, हे माहीत आहे की वाटतंय?" सर शांतपणे उत्तर देत. ते ग्रंथालयाच्या खोलीत परतले आणि दुसऱ्या मार्गाने पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, सोडून द्या ना. बाकीचे करतायत की जगात."

"करतायत. आणि करतीलही," ते म्हणाले. "पण मला समजलेलं नाही अजून. दुसऱ्याला समजलं म्हणून माझं कसं भागेल?"

अशी सहा वर्षं गेली. वह्या वाढत होत्या. मग एक दिवस बारावीच्या वर्गातली एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, भोईर सर आज खडूला खडू म्हणत नव्हते. ते द्या, ते द्या म्हणत होते." मी हसण्यावारी नेलं. पण आठवड्याभरात डबा खाताना त्यांनी भाकरीकडे बोट दाखवलं, ओठ हलवले, आणि शब्द आलाच नाही. त्यांनी भाकरी मोडली आणि जेवायला लागले.

एमआरआय करायला मुंबईला जावं लागलं. यमुनाताई आणि मी बरोबर होतो. आत न्यायच्या आधी तिथला माणूस म्हणाला, "काका, अंगावर लोखंडाचं काही नको. आत आवाज फार येतो, घाबरू नका."

सरांनी त्या पांढऱ्या नळकांड्याकडे बोट केलं. "याच्यातला तो... तो..." हाताने धरून ओढल्यासारखी खूण केली. "थंड कशाने?"

"मॅग्नेट म्हणताय? हेलियमने, काका."

"हां. तोच."

त्यांनी मान खाली घातली. ज्या शब्दाभोवती सगळं आयुष्य घालवलं, तो शब्द त्यांना एका परक्या माणसाने हातात आणून दिला होता. मी दुसरीकडे बघत राहिले.

अर्ध्या पाऊण तासाने बाहेर आले तेव्हा चेहरा बरा होता. या यंत्रातला चुंबकही अतिसंवाहक तारेचाच असतो, हे त्यांनी मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. मला हळूच म्हणाले, "जुन्या तऱ्हेचा आहे. आतल्या जोड्या साध्या. भरवशाच्या."

मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ होती. ऑपरेशन झालं, निघाली तेवढी काढली. डॉक्टरांनी सांगितलं की शब्द परत येतील असं वाटत नाही. सरांनी कागदावर लिहून विचारलं, "माहीत आहे?" आणि डॉक्टर बिचारे गोंधळले. मग म्हणाले, "हो. माहीत आहे."

ते घरीच राहू लागले. मी दर रविवारी जात असे. सकाळी ते वही उघडून बसत. पेन्सिल चालायची, पण दर आठवड्याला जरा हळू. यमुनाताई मला ओट्यावर नेऊन सांगत, "बाई, मला पानी दे म्हनता येत नाही त्याला. पन लिहितो. काय लिहितो ते देवाला ठाऊक."

त्या हिवाळ्यात कॉलेजच्या पत्त्यावर सरांच्या नावाने एक पत्र आलं. दक्षिणेतल्या एका विद्यापीठातल्या तरुण संशोधक बाईंचं होतं. मी ते घेऊन रविवारी गेले आणि सरांना वाचून दाखवलं, इंग्रजीतून मराठीत करत, अडखळत. तिने लिहिलं होतं की आठ महिने तिचं गणित जुळत नव्हतं. जुने अंक चाळताना तिला सरांची अर्ध्या पानाची सूचना सापडली, आणि कळलं की तिनेही तीच गोष्ट दोनदा मोजली होती. सरांनी सुचवलेल्या मार्गाने गेल्यावर तिचं गणित उभं राहिलं. मोडणारी ती थरथरच जोड्या जमवते, निदान ती अभ्यासत होती त्या पदार्थात तरी, असं आता तिला दाखवता येत होतं. आपल्या लेखात तिने सूचनेचा आधार म्हणून उल्लेख केला होता. शेवटी विचारलं होतं, तुम्ही हा मार्ग पुढे किती नेलात? काही उरलं आहे का?

सर भिंतीला टेकून ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी पत्र हातात घेतलं, त्यातल्या सूत्रावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मान हलवली. बरोबर आहे, अशी. मग मला म्हणाले, "लिहा."

मी पिशवीतून कागद काढला.

"अजून... एक... राहिलंय."

"काय राहिलंय, सर?"

त्यांनी तोंड उघडलं. हात हवेत नेले, दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरले, एक वर केला, एक खाली. पुन्हा तसंच केलं. मी पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक ओळ लिहायला घेतली, खोडली, पुन्हा सुरू केली, पुन्हा खोडली. कपाळावर घाम आला. यमुनाताईंनी हळूच येऊन पेन्सिल काढून घेतली. "पुरे दादा," त्या म्हणाल्या. "उद्या लिही."

मी त्या बाईंना तेवढंच कळवलं की सर आजारी आहेत, पत्र त्यांना समजलं, त्यांनी मान हलवली, आणि अजून एक राहिलं आहे असं ते म्हणतात. सर गेल्यानंतर ती स्वतः आली. दोन दिवस यमुनाताईंच्या ओट्यावर बसून सगळ्या वह्या वाचल्या. शेवटच्या वहीत ते कुठेतरी जवळ पोचले होते, एवढं तिला दिसत होतं. पण पुढची पायरी कोणती, हे तिला काढता आलं नाही. अजूनही आलेलं नाही. अधूनमधून तिचं पत्र येतं, त्यात ती तसं लिहिते.

मला सर आठवतात ते त्या पत्राच्या रविवारचे. संध्याकाळ व्हायच्या आत मी निघाले. पाहुण्याला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायची त्यांची रीत आजारातही सुटली नव्हती. भिंतीचा आधार घेत ते आले. मी रिक्षात बसले, आणि त्यांनी रिक्षाच्या दांडीला धरलं. काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलत होते, डोळे माझ्या चेहऱ्यावर. मी वाकून कान पुढे केला. रिक्षावाला मागे वळून बघत होता. त्याने इंजिन बंद केलं.

आम्ही तिघं तसेच थांबलो. मिठागरावरून वारा येत होता आणि सरांचा शर्ट, आता फार ढगळ झालेला, अंगावर फडफडत होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. यमुनाताई मागून आल्या, त्यांनी भावाची बोटं दांडीवरून एकेक करून सोडवली आणि म्हणाल्या, "जाऊ दे दादा बाईंना. अंधार पडेल."

त्यांनी मान डोलावली आणि एक पाऊल मागे सरकले. रिक्षा सुरू झाली. वळणावर मी बाहेर डोकावून पाहिलं. यमुनाताई त्यांचा दंड धरून घराकडे वळवत होत्या, आणि ते मात्र रस्त्याकडे तोंड करून उभे होते, अजून बोलायचा प्रयत्न करत.